नकार द्या, पण लेखी द्या : मुख्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : शासकीय कर्मचाऱ्यांच्या भेदभावविषयक तक्रारींवर लेखी, सकारण आणि तारखेसह निर्णय मिळण्याबाबत

माननीय महोदय,

हे पत्र योग्य मार्गाने आलेले नाही, याची कृपया नोंद घ्यावी. मी निवृत्त आहे, त्यामुळे कार्यालयप्रमुखांची ‘मार्फत’ सही घेण्याचे बंधन माझ्यावर उरलेले नाही. नोकरीचा मोठा भाग आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बदल्या-रजा-पदोन्नत्या पाहणाऱ्या शाखेत गेला. नस्ती, म्हणजे फाइल, कशी चालते, कुठे थांबते आणि कुणाच्या टेबलावर मुद्दाम विसरली जाते, हे मी आतून पाहिले आहे. निवृत्तीनंतर ओळखीचे, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे कर्मचारी अर्जाचा मसुदा करून घ्यायला येऊ लागले. त्यांत दिव्यांग कर्मचारी जास्त. मी वकील नाही. त्यांनी वकिलाकडे जाण्याआधी कागद क्रमाने लावून द्यायचे आणि तारखा जुळवायच्या, एवढेच माझे काम.

त्या कागदांवरून आपल्याकडे एकच मागणे आहे. भेदभावाची तक्रार फेटाळायची असेल तर खुशाल फेटाळा. पण लेखी फेटाळा, कारणे लिहा, खाली तारीख टाका आणि प्रत तक्रारदाराच्या हाती द्या. मागणे किरकोळ वाटेल. भेदभाव थांबवा, असे सांगणारी पत्रे आपल्याकडे पुष्कळ येत असतील, आणि ती यायलाच हवीत. माझे म्हणणे त्याच्याही आधीच्या पायरीचे आहे. ज्याला आपल्यावर अन्याय झाला असे वाटते त्याला वर दाद मागता आली पाहिजे, आणि वर जायला हातात आदेश लागतो. फेटाळलेली तक्रार घेऊन माणूस पुढे जातो. जिच्यावर कुणी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही, ती घेऊन त्याने जायचे कुठे?

एक प्रकरण सांगतो. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण एकाच कार्यालयाला झोडपून काही साधणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणचे एक लिपिक. अपघातात त्यांचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. रजा संपवून, कृत्रिम पाय लावून ते हजर झाले. त्यांचे काम दुसऱ्या मजल्यावरच्या अभिलेख कक्षात, इमारत जुनी, लिफ्ट नाही. त्यांनी अर्ज केला की मला तळमजल्यावरच्या बारनिशीत बसवा, आवक-जावक मी सांभाळतो. काम टाळायचे असते तर आवक-जावक कुणी मागितले नसते, हे आस्थापनेत बसलेल्या कुणालाही कळेल. अर्जाला उत्तर आले नाही, बदलीचा आदेश आला. तालुक्याच्या ठिकाणी, ‘प्रशासकीय कारणास्तव’.

त्यांनी भेदभावाची तक्रार दिली. तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी ती कार्यालयप्रमुखांकडे ‘वस्तुस्थितीदर्शक अहवाल सादर करावा’ म्हणून पाठवली. प्रमुखांनी ती आस्थापना शाखेकडे दिली. आस्थापना शाखेत ज्यांनी बदलीची टिपणी लिहिली होती त्यांनीच अहवाल लिहिला. बदली नियमानुसार झालेली असून तक्रारीत तथ्य नाही. हा अहवाल आला तसा वर गेला आणि तिथे नस्तीत लागला. तक्रारदाराला त्याची प्रतही मिळाली नाही. त्यांनी स्मरणपत्र दिले, त्यावर ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर आले. पुन्हा स्मरणपत्र, पुन्हा तेच उत्तर. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केल्यावर त्या एका पानाच्या अहवालाची छायाप्रत हाती लागली. तोवर इतका काळ लोटला होता की ते मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले तेव्हा शासनाच्या सादरकर्ता अधिकाऱ्यांनी, म्हणजे तिथे शासनाची बाजू मांडणाऱ्यांनी, पहिला आक्षेप घेतला तो मुदतीचा. अर्जदाराने विलंब केला, असा.

विलंब कुणी केला, हे नस्तीच्या पानापानावर लिहिलेले होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यातले कलम २० शासकीय आस्थापनांसाठीच आहे. नोकरीच्या कोणत्याही बाबतीत दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करू नये, वाजवी सोयी द्याव्यात, अडथळामुक्त वातावरण ठेवावे, केवळ दिव्यांगत्वावरून पदोन्नती नाकारू नये. सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही नेता येत नाही. सध्याचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायचे, तसे पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचे. यातला गाभा जुनाच आहे. १९९५ च्या कायद्यातल्या कलम ४७ मध्ये तो होता, आणि पाय गमावलेल्या एका जवानाला सेवेबाहेर काढण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. शिवाय २०१६ च्या कायद्यातल्या भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव मानला आहे. म्हणजे त्या लिपिकांना बारनिशी न देणे ही निव्वळ कामवाटपाची बाब राहत नाही.

मग कलम २३. प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्याची माहिती राज्य आयुक्तांना कळवायची. कलम २० पाळले जात नाही असे वाटणाऱ्याने त्या अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायची. अधिकाऱ्याने चौकशी करून आस्थापनेकडून दुरुस्ती करून घ्यायची. तक्रारींची नोंदवही ठेवायची. नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे.

कागदावर वाट सरळ दिसते. पण दोन आठवडे मोजायचे ते नोंदणीच्या तारखेपासून, आणि नोंदवहीच नसेल तर मोजणी सुरू कधी होणार? माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी विचारतो की तक्रारीचा नोंदवही क्रमांक काय. बहुतेकांकडे बारनिशीचा शिक्का असलेली पोच असते, क्रमांक नसतो. काहींना तक्रार निवारण अधिकारी कोण हे कार्यालयात कुणी सांगितलेले नसते. एका ठिकाणी तर, मी स्वतः फोनवर विचारले, पलीकडून उत्तर आले, “ते बघावं लागेल.” त्यांनी अजून बघितलेले नाही.

कायद्यातही एक पोकळी आहे आणि तिचा लाभ कार्यालयांना मिळतो. दोन आठवड्यांत चौकशी करा असे कलम म्हणते, पण चौकशीचा निष्कर्ष तक्रारदाराला किती दिवसांत लेखी कळवायचा हे त्यात नाही. याच्या शेजारी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ठेवून पाहा. चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत समितीने अहवाल द्यायचा, तो दोन्ही बाजूंना उपलब्ध करायचा, आणि शिफारशींपासून ९० दिवसांत अपील. त्या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दलही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण तिथे निदान तारखांची साखळी आहे. दिव्यांग कर्मचाऱ्याच्या बाबतीत ती मध्येच तुटलेली आहे. ती जोडायला संसदेत जाण्याची गरज नाही. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे होईल.

मुदतीचा प्रश्न मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण माणसे इथेच बुडतात. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ पासून काम करते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ते बसते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २० प्रमाणे तिथे जाण्याआधी सेवानियमांखाली उपलब्ध असलेले उपाय संपवावे लागतात. अपील किंवा निवेदन दिले आणि सहा महिने निर्णयच झाला नाही, तर उपाय संपला असे धरतात. कलम २१ प्रमाणे अंतिम आदेशापासून एक वर्षात अर्ज करायचा, आणि आदेशच नसेल तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षात. साध्या हिशेबात निवेदनापासून दीड वर्ष. त्यानंतर विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि ‘पुरेसे कारण’.

कर्मचारी काय करतो? तो वाट पाहतो. साहेब म्हणाले आहेत, बघू. युनियनचे लोक म्हणाले आहेत, भेटू. दर दोन-तीन महिन्यांनी स्मरणपत्र देतो आणि आपले प्रकरण जिवंत आहे असे समजतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे की कायद्यात तरतूद नसलेली निवेदने वारंवार दिल्याने मुदत वाढत नाही. २००८ मध्ये न्यायालयाने हेही म्हटले की जुन्या, शिळ्या झालेल्या दाव्यावर आता निवेदन देऊन आणि त्याला उत्तर मिळवून तो पुन्हा ताजा करता येत नाही. न्यायालयाचे बरोबरच आहे, वीस वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठतेचे वाद उकरून काढणारेही असतात. पण ज्याला आजच्या बदलीबद्दल दाद हवी आहे आणि ज्याला कार्यालयाने ‘कार्यवाही सुरू आहे’ असे लेखी सांगितले आहे, तोही त्याच चाळणीतून खाली पडतो.

याहून बारीक पेच पुढे आहे. न्यायाधिकरणाचा कायदा बोलतो तो सेवानियमांखालच्या उपायांबद्दल. कलम २३ ची तक्रार ही दिव्यांग कायद्याखालची. मग ती दिल्याने सहा महिन्यांचे घड्याळ लागू होते का, की मूळ बदली आदेशाच्या तारखेपासून सरळ एकच वर्ष? शासनाच्या बाजूने दुसरा युक्तिवाद करायला जागा राहते. ज्या माणसाने कायद्याने दाखवलेल्या दारावर प्रामाणिकपणे टकटक केली त्याला नंतर, ते दार मोजणीत धरत नाही, असे सांगणे शासनाला शोभते का? म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना एकाच दिवशी दोन कागद द्यायला सांगतो. एक कलम २३ ची तक्रार, दुसरे सेवाविषयक निवेदन, दोन्हींवर वेगळी पोच. हे सुचायला आस्थापनेत आयुष्य घालवलेले असावे लागते. शिपायाला, परिचराला, नव्याने लागलेल्या लिपिकाला ते कोण सांगणार?

रोज घडणाऱ्या गोष्टीचे थोडे वेगळे आहे. रॅम्प नाही, दृष्टिहीन लिपिकाच्या संगणकावर वाचून दाखवणारी प्रणाली नाही, अशा गोष्टी रोज नव्याने नाकारल्या जातात, आणि सतत चालू राहणाऱ्या अन्यायाला न्यायालये विलंबाच्या बाबतीत काहीशी सवलत देतात. बदली, पदोन्नती, ज्येष्ठता यांत ती सहसा मिळत नाही, कारण दुसऱ्या कुणाचा तरी हक्क मधे येतो. (रॅम्पचा विषय निघालाच आहे तर सांगतो. एका कार्यालयात रॅम्प झाला, उद्‌घाटन झाले, छायाचित्र छापून आले. आता तिथे अधिकाऱ्यांच्या दुचाकी लागतात, कारण उन्हाला ती एकच सावलीची जागा आहे.)

जिल्हा परिषदेचे कर्मचारी तर मॅटच्या कक्षेतच येत नाहीत. गावोगावचे प्राथमिक शिक्षक त्यांत आले. दिव्यांग शिक्षकाला सोयीच्या शाळेची जागा नाकारली तर शेवटचे दार उच्च न्यायालयाचे. तिथल्या खर्चाबद्दल मी लिहायला नको.

आता ज्या गोष्टीने मला नोकरीतही छळले तिच्याबद्दल. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच अहवालासाठी पाठवायची आणि आलेला अहवाल आपला निर्णय म्हणून खाली सोडायचा, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही चुकते असे कुणाला वाटत नाही. पण या रीतीवरचा निकाल आपल्याच मुंबईतला आणि फार जुना आहे. अंधेरीत एक सिनेमागृह बांधण्यासाठी पोलीस आयुक्तांनी परवानगी दिली होती, ती पुढे रद्द झाली. रद्द करण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांचा होता. पण त्यांनी स्वतः विचार करून निर्णय घेतलाच नव्हता, शासनाने घेतलेला निर्णय फक्त खाली पोचवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ते रद्द करणे टिकू दिले नाही. निकालपत्र न्या. व्हिव्हियन बोस यांचे, नागपूरचे माजी मुख्य न्यायमूर्ती. ज्याच्या हाती अधिकार दिला त्यानेच डोके चालवायचे, टपाल वाहायचे नाही, हा त्याचा अर्थ. तक्रार निवारण अधिकारी जेव्हा आस्थापनेचा अहवाल जसाच्या तसा पुढे सरकवतात तेव्हा ते याच्या नेमके उलट करतात.

त्याच निकालात बोस यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सार्वजनिक अधिकाऱ्याचा आदेश त्यात जे लिहिले आहे त्यावरूनच वाचायचा, माझ्या मनात तेव्हा काय होते हे नंतर सांगून त्याचा अर्थ बदलता येत नाही. १९७७ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी हाच धागा पुढे नेला. आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रातून घालून तो सावरता येत नाही. आदेश म्हणजे जुनी दारू नव्हे की मुरेल तशी चढेल, असा त्यांचा शेरा होता. महोदय, मॅटमध्ये दाखल होणारी शासनाची प्रतिज्ञापत्रे आपण कधी तरी स्वतः वाचा. बदलीच्या आदेशात ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द, आणि प्रतिज्ञापत्रात त्या कारणांची दोन पाने. ही कारणे त्या दिवशी खरोखर होती तर त्या दिवशीच का लिहिली नाहीत?

कारणे लिहायला लावली की अर्धे काम होते, हा माझा अनुभव आहे. अधिकारी वाईट नसतात. पण टिपणीवर ‘अमान्य’ लिहिणे आणि अमान्य का ते चार ओळींत लिहिणे यांत मोठा फरक आहे. बारनिशीची खुर्ची त्या लिपिकांना देता येत नाही, कारण... असे वाक्य लिहायला घेतले की पुढे काय लिहायचे ते सुचत नाही. आणि मग बऱ्याचदा खुर्ची मिळते. खरी अडचण असेल तर तीही कायद्याने मांडता येते. वाजवी सोय म्हणजे आस्थापनेवर अवाजवी बोजा न टाकणारी सोय, असे कायदाच म्हणतो. तेव्हा बोजा किती, कसा, दुसरा पर्याय कोणता तपासला, हे लिहा. त्यावर वाद होऊ शकतो. गप्प बसण्यावर वाद होऊ शकत नाही.

तक्रारीत दिव्यांगत्वाचा उल्लेख असला तरी कारवाईचे ‘खरे कारण’ वेगळेच होते, हे नेहमीचे उत्तर. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या, मानसिक आजार असलेल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले की दिव्यांगत्व हे कारवाईमागचे एकमेव कारण असायलाच हवे असे नाही, अनेक कारणांपैकी एक असले तरी कायद्याचे संरक्षण मिळते. हे वाक्य प्रत्येक आस्थापना शाखेच्या भिंतीवर लावावे असे मला वाटते. तिथे आधीच महापुरुषांच्या तसबिरी आणि नागरिकांची सनद आहे, त्यात एक कागद सहज मावेल.

कुणी म्हणेल, पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, तिथे दाद मागा. मागतात. आयुक्तांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत आणि ते शिफारस करतात. शिफारशीवर तीन महिन्यांत कार्यवाही करून आयुक्तांना कळवावे, आणि मान्य नसेल तर तीन महिन्यांच्या आत कारणे आयुक्तांना आणि तक्रारदारालाही कळवावीत, असे कलम ८१ सांगते. पाहा, इथे कायद्याने नकार लेखी मागितला आहे. मी मागतो आहे ते यापेक्षा वेगळे काही नाही. पण आयुक्तांच्या हातांना मर्यादा आहेत. १९९५ च्या कायद्याखालच्या एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले होते की मुख्य आयुक्तांना अंतरिम मनाईचा अधिकार नाही. अनुसूचित जाती-जमाती आयोगाबद्दल १९९६ मध्ये तसेच सांगितले गेले. म्हणजे जातीवरून डावलले गेलेला कर्मचारी आयोगाकडे जातो, दिव्यांग कर्मचारी आयुक्तांकडे जातो, सुनावणी होते, पत्रे निघतात, आणि बदलीच्या ठिकाणी हजर व्हायची तारीख मधेच उलटून जाते. स्थगिती हवी तर न्यायाधिकरण किंवा न्यायालयच. तिथे पहिल्याच दिवशी विचारतात, आव्हान कोणत्या आदेशाला?

आपल्याच राज्याचा २००५ चा बदल्यांचा आणि विलंबाचा कायदा म्हणतो की कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये, आणि हेतुपुरस्सर विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. या कायद्याचा पहिला भाग, बदल्यांचा, प्रत्येक अधिकाऱ्याला तोंडपाठ असतो. दुसरा भाग विस्मरणात गेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला, त्याचे मला मनापासून कौतुक आहे. पण त्या विभागाने कितीही योजना आणल्या तरी इतर विभागांच्या आस्थापना शाखांना हुकूम देता येतो तो आपल्यालाच.

तो हुकूम काय असावा, हे धाडस करून लिहितो. तक्रार आली की त्याच दिवशी नोंदवही क्रमांक द्यावा आणि तो पोचेवर लिहावा. ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आहे त्याचा खुलासा जरूर घ्यावा, पण त्याचा खुलासा म्हणजे निर्णय असे होऊ देऊ नये, आणि तो खुलासा तक्रारदाराला दाखवून त्याचे म्हणणे ऐकावे. चौकशी संपली की सात दिवसांत सकारण आदेश, तक्रारदाराच्या स्वाक्षरीने पोच घेऊन. दृष्टिहीन कर्मचाऱ्याला तो वाचता येईल अशा स्वरूपात. आदेशाच्या शेवटी एक ओळ असावी : या निर्णयाने समाधान न झाल्यास कुठे, किती दिवसांत जाता येईल. माहिती अधिकाराच्या उत्तराखाली अपील अधिकाऱ्याचे नाव आणि तीस दिवसांची मुदत लिहायची सवय आपल्या कार्यालयांना लागली, ती इथेही लागेल. आणि कलम २३ ची तक्रार हे सेवाविषयक निवेदनही मानले जाईल, असे सामान्य प्रशासन विभागाने एकदा स्पष्ट करून टाकावे.

राहिली जुनी प्रकरणे. त्यांचे काय करायचे हे परिपत्रकाने सुटणार नाही. मुदतीचा प्रश्न शासनाने आक्षेप घेतला नाही तरी न्यायाधिकरणाला पाहावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे आक्षेप मागे घ्या एवढे म्हणून भागत नाही. पण विलंबमाफीच्या अर्जाला विरोध करायचा की नाही, हे पूर्णपणे शासनाच्या हातात आहे. विधी व न्याय विभागामार्फत सादरकर्ता अधिकाऱ्यांना कळवावे की ज्या प्रकरणात भेदभावाची तक्रार दिल्याची पोच आहे आणि त्यावर निर्णय कळवल्याची पोच नाही, तिथे विलंबमाफीला विरोध करू नये, उलट विलंब कार्यालयाकडून झाल्याचे प्रतिज्ञापत्रात नमूद करावे. मग खटला गुणवत्तेवर चालू दे. बदली योग्य होती असे ठरले तर ठरू दे. त्या लिपिकांचा विलंबमाफीचा अर्ज अजून प्रलंबित आहे, आणि शासनाच्या बाजूने त्याला विरोधाचे प्रतिज्ञापत्र दाखल झालेले आहे. ते मागे घेण्यापासून सुरुवात करता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक

प्रत माहितीसाठी : अपर मुख्य सचिव, सामान्य प्रशासन विभाग, प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, सचिव, दिव्यांग कल्याण विभाग